मदत हवी आहे : जिओकॅशिंग. बाण शून्य दाखवतो, डबा नाहीच (जरा लवकर सांगा)

धावती_भेट
मंडळी, रविवारी परत जायचंय, त्यामुळे आजउद्यात उत्तर मिळालं तर बरं. सहकुटुंब जिओकॅशिंग (कुणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशावरून जीपीएसने शोधायचा खेळ) सुरू केलंय. शहरात छान जमत होतं. आता एकदम आडरानातला, शेतं-ओढे असलेल्या भागातला एक डबा शोधतोय. ॲपमधला बाण शून्य मीटर दाखवतो आणि तिथे काही म्हणजे काही नाही. गुडघाभर पीक, लपवायला एक दगडसुद्धा नाही. चकवा लागल्यासारखे सगळे गोल गोल फिरलो. धाकटा कडेवर, थोरलीचं "अजून किती?" चालू, सासूबाई बांधावर बसून सूचना देतायत, बायको म्हणते परत चला. त्यात शेताचा मालक आला आणि... असो. मोबाईलला रेंज नव्हती. जीपीएस चुकतंय हे उघड आहे, ते अचूक कसं करायचं तेवढं सांगा. नवा मोबाईल घ्यायला लावू नका.

अक्षांश
थोडी माहिती द्या, नाहीतर सगळे अंदाजपंचे दाहोदर्से करत बसतील. मोबाईलच का? ॲप कुठलं? कॅशचा, म्हणजे डब्याचा, प्रकार? आकार काय लिहिलाय, मायक्रो, स्मॉल की रेग्युलर? डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) किती? शेवटी कुणाला सापडल्याचा लॉग, म्हणजे कॅशच्या पानावरची नोंद, कधीचा आहे?

धावती_भेट
मोबाईल, अँड्रॉइड. ॲप नेहमीचंच. बाकी साधाच डबा आहे हो. जीपीएसचं बोला ना.

अक्षांश
"नेहमीचं" म्हणजे कुठलं? "साधा" म्हणजे काय?

रिकामा_न्हावी
रेंज नव्हती म्हणताय, तिथेच उत्तर मिळालं. नेटशिवाय जीपीएस चालतच नाही. दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड जवळ ठेवा, विषय संपला.

अक्षांश
न्हावीबुवा, असं काही नसतं. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला नेट लागत नाही. नेट असलं की उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला आयती मिळते, म्हणून जागा पटकन पकडली जाते. नसलं तर तीच माहिती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, वेळ जातो. उघड्यावर फोन धरून थोडं थांबायचं. विमान मोडवरसुद्धा जीपीएस चालतं. उलट रेंज नसलेल्या भागात विमान मोड लावाच, नाहीतर फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी दुपारच्या आत झोपते.
नकाशा आणि कॅशचं पान मात्र घरूनच उतरवून घ्या. सी-जिओ हे ॲप असेल तर पान, हिंट, लॉग, नकाशा सगळं साठवता येतं. अधिकृत ॲपमध्ये ऑफलाइनसाठी प्रीमियम सभासदत्व लागतं.

रानवाट
मोबाईलचा नाद सोडा. गार्मिन कंपनीचं हातातलं जीपीएस यंत्र घ्या. पावसात भिजलं, दगडावर आपटलं तरी हूं की चूं नाही. साध्या पेन्सिल सेलवर चालणारं मिळतं, सेल संपले की खिशातले घालायचे. मी आमच्या घरात मोबाईल बाहेर काढायची बंदीच घातलीय.

धावती_भेट
नवीन काही घ्यायचं नाही असं वर लिहिलंय.

रानवाट
मी नवा मोबाईल घ्या असं म्हटलेलंच नाही.

अक्षांश
आणि अचूकतेत फार फरक पडणार नाही. उघड्या आकाशाखाली चांगला मोबाईलही पाचेक मीटरच्या आत जागा दाखवतो. दाट झाडी, दरी, उंच कडा असेल तर दोघंही गोंधळतात. शिवाय ज्याने डबा लपवला त्याच्या यंत्रातही चूक असतेच, दोन्ही चुका मिळून धरायच्या. म्हणून बाण शून्यावर नेण्याचा हट्ट करायचा नाही. दहा मीटर उरले की मोबाईल खिशात घालायचा आणि आपण लपवला असता तर कुठे, याचा विचार करायचा.
पण यांच्याकडे तर लपवायला जागाच नाही म्हणतात. ते मला खटकतंय.

गोगलगाय
मला जीपीएसमधलं फार कळत नाही, पण लहान मुलांना घेऊन मी पुष्कळ भटकले आहे म्हणून लिहिते. मुलं अंतराला कंटाळत नाहीत, रिकाम्या हातांना कंटाळतात. थोरलीच्या हातात मोबाईल द्या, "अजून किती" हे तिनेच तुम्हाला सांगायचं. शेवटचे दहा मीटर मोठ्यांनी मागे राहायचं, आपल्याला आधी दिसलं तरी तोंड उघडायचं नाही. (माझ्या नवऱ्याला हे आजतागायत जमलेलं नाही.) आणि मुलांसोबत मायक्रो अजिबात नको. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत कागदाची एक सुरळी, बाकी काही नाही, मुलांची तोंडं बघवत नाहीत. स्मॉल किंवा रेग्युलरच घ्या, ज्यात अदलाबदलीच्या वस्तू मावतात. एक उचलली तर तिच्या तोडीची किंवा जास्त चांगली ठेवायची, खाण्याचं काही ठेवायचं नाही, वासाने जनावरं डबा फोडतात.
पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड आहे का बघा. भोकात, ढोलीत हात घालण्याआधी काठी.

रिकामा_न्हावी
सापाचं काय? गवतात सगळ्यांनी फिरणं बरोबर नाही.

गोगलगाय
काठी म्हटलं ना.

नाना_फडणीस_नव्हे
वाचून गंमत वाटली. आजच्या पिढीला पाच मीटरची चूकही खपत नाही. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. मे २००० च्या पहिल्या दोन दिवसांत ती काढून टाकली आणि लगेच ३ मेला ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर या माणसाने रानात एक बादली ठेवून अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. त्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल असं काय काय होतं. जिओकॅशिंग हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस पडलं. इंग्लंडच्या डार्टमूरवरचं लेटरबॉक्सिंग (खुणांवरून लपवलेले डबे शोधायचा खेळ) त्याहूनही जुनं, १८५४ पासूनचं. त्यात उपग्रह वगैरे काही नव्हतं, आणि लोकांना डबे सापडत होते.

धावती_भेट
नाना, माहितीबद्दल आभार. माझा डबा?

खोदकाम_चालू
ती पहिली बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती हे नानांनी सांगितलं नाही. धावती_भेट, तुमचाही पुरलेलाच असणार. सपाट शेतात दुसरीकडे कुठे असेल? खुरपं घेऊन जा.

अक्षांश
अहो, काहीतरीच काय सांगता! जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा करून डबा ठेवता येत नाही. उभ्या पिकात खुरपं घेऊन कुटुंबाला पाठवताय? तो मालक या वेळी नुसता ओरडून थांबणार नाही.

खोदकाम_चालू
मी आपलं इतिहासावर बोट ठेवलं. हलके घ्या.

रानवाट
शेतात शिरायची परवानगी मुळात घेतली होती का? शेताच्या बाबतीत मी कडक आहे. फाटक उघडं होतं तर उघडं ठेवायचं, बंद होतं तर बंद करूनच पुढे जायचं. पिकातून नाही, कडेकडेने जायचं. वासराजवळची गाय दिसली की लांबून वळसा. तारेच्या कुंपणाला आधी मुलांना हात लावू देऊ नका, त्यात वीज सोडलेली असू शकते.

धावती_भेट
बाण पिकाच्या मधोमध होता, कडेकडेने कसा जाणार? मालकाला मी सगळं समजावलं. तो म्हणाला, तुमच्यासारखे येतच असतात, कुणाला काही सापडत नाही. म्हणजे डबा चोरीला गेलाय का? तसं असेल तर सरळ सांगा, मी नाद सोडतो.

अक्षांश
"येतच असतात आणि कुणाला काही सापडत नाही." हे आधी सांगायला काय झालं होतं? नकाशावर या कॅशचं चिन्ह कोणत्या रंगाचं आहे?

धावती_भेट
निळं. वर प्रश्नचिन्ह. म्हणजे जागा नक्की नाही असंच ना? म्हणूनच तर जीपीएस अचूक करायचं विचारतोय. या आधी पुलाजवळचा सापडला तो हिरवा होता.

अक्षांश
🙏

गोगलगाय
अरे देवा.

अक्षांश
हिरवं चिन्ह म्हणजे ट्रॅडिशनल, दिलेल्या जागीच डबा. निळं प्रश्नचिन्ह म्हणजे मिस्टरी, कोड्याची कॅश. पानावर दिलेला बिंदू बहुतेक वेळा निव्वळ नकाशावर चिन्ह दिसावं म्हणून टाकलेला असतो, तिथे डबा नसतो. कोडं सोडवलं की खरे अक्षांश-रेखांश मिळतात. खरा डबा साधारणपणे तीनेक किलोमीटरच्या आतच असतो. तुमचा मोबाईल ठणठणीत आहे. पानावर काय लिहिलंय?

धावती_भेट
एक कविता आहे. गोठ्यातल्या जनावरांची, कुणाला किती पाय, कुणाला किती शिंगं. मला वाटलं कॅशच्या मालकाला हौस असेल. मग "इथे काही नाही" असं ठळक अक्षरात लिहायला काय होतं?

नाना_फडणीस_नव्हे
कविता इथे टाका, बसल्या बसल्या सोडवून देतो.

अक्षांश
नाना, नको. कोड्याचं उत्तर चारचौघांत फोडायचं नसतं, ज्याने मेहनतीने रचलंय त्याचा विरस होतो. शिंगं आणि पाय मोजा एवढं तर उघडच आहे. अडलंच तर कॅशच्या मालकाला निरोप पाठवा, बहुतेक जण इशारा देतात. पानाखालची हिंट वाचली का? ती अगम्य अक्षरांत दिसते, प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवलेलं असतं, बटण दाबलं की उलगडते.
उत्तर आलं की आकडे ॲपमध्ये टाकताना सांभाळा. कॅशवाले अंश आणि दशांश मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वापरतात. तेच आकडे दशांश अंश समजून टाकले तर भलत्याच गावाला पोचाल. मिनिटांचा तिसरा दशांश म्हणजे अक्षांशात जेमतेम दोन मीटर, आणि पहिला दशांश चुकला तर दोनशे मीटरच्या आसपास.

रानवाट
गार्मिनमध्ये आकडे लिहायच्या सगळ्या पद्धती निवडता येतात.

रिकामा_न्हावी
मोबाईलमध्येही येतात हो. आता पुरे.

गोगलगाय
मला त्या शेतकऱ्याचं वाईट वाटतंय. कुणाच्या तरी डोक्यातला खोटा बिंदू, आणि पीक तुडवलं जातंय त्याचं. कॅशच्या मालकाला हेही कळवा, चिन्ह रस्त्यावर किंवा पडीक जागेवर सरकवायला सांगा. कोणी तिथे जाणार नाही असं धरून चालले असतील, पण जातात लोक.

धावती_भेट
कळवलं. आणि कोडं सुटलं. सासूबाई आणि थोरलीने मिळून सोडवलं. मी कोंबडीला शिंगं नसतात एवढ्यापुरताच होतो. पानावर उत्तर तपासायची सोय आहे, तिथे बरोबर आलं. खरी जागा ओढ्यापलीकडे, झाडीत, सरळ रेषेत सव्वा किलोमीटर. टेरेन साडेतीन लिहिलंय. बाबागाडी जाईल का?

अक्षांश
नाही. टेरेन १ म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही जाता येईल अशी वाट, ५ म्हणजे होडी किंवा दोरखंड लागणार. साडेतीनला धाकट्याला पाठीवर घ्या. आणि सव्वा किलोमीटर हे पक्ष्याचं अंतर. ओढा कुठे ओलांडता येतो ते नकाशात आधी बघा, चालायला दुप्पटही होऊ शकतं. पाणी वाढलेलं असेल तर सरळ माघारी फिरा. सापडला नाही तर "सापडला नाही" असा लॉग टाका, त्यात लाज नाही. पुढच्याला आणि कॅशच्या मालकाला त्याचाच उपयोग होतो.

धावती_भेट
सासूबाईंनी गाडीत थांबावं असं मी सुचवलं होतं. कोडं त्यांनी सोडवलंय हे त्यांनी लक्षात आणून दिलं. येतायत.
अजून एक. पुलाजवळच्या डब्यातून थोरलीने एक धातूचं पदक उचललंय, त्यावर किडा आणि नंबर कोरलाय. बदल्यात आम्ही चांगलं नवं खेळणं ठेवलं. मग ते तिचंच ना?

गोगलगाय
नाही, ते ट्रॅव्हल बग. त्याचा मालक कुठेतरी बसून ते कुठवर पोचलं ते बघत असतो. पानावर नंबर टाका, त्याचं काही उद्दिष्ट लिहिलं असेल तर वाचा, आणि पुढच्या डब्यात ठेवा. नंबर दिसेल असा फोटो मात्र इथे टाकू नका.

धावती_भेट
ती देणार नाही म्हणते. उशाखाली घेऊन झोपते.

गोगलगाय
तिला पानावरचा नकाशा दाखवा, ते आधी कुठे कुठे जाऊन आलंय तो. पुढचा टप्पा तिच्या हातून पडणार असं सांगा. आमच्याकडे यावर मात्रा चालली, तरी डोळे पुसतच ठेवलं होतं.

खोदकाम_चालू
डब्यातल्या लॉगबुकवर (सापडल्याची नोंद करायच्या वहीत) लिहायला पेन्सिल न्या. डब्यात पाणी शिरलं असेल तर कागद ओला असतो, पेन उठत नाही. (बघा, माझंही काहीतरी उपयोगी.)

रिकामा_न्हावी
याच धाग्यात विचारतो, आमचा कुत्रा रानात सुटला की सापडत नाही. गळ्यात घालायचं जीपीएस कुठलं चांगलं? रेंज नसलेल्या भागात चालणारं हवं.

रानवाट
गार्मिन.