जुन्या कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी : सेल बदलावेत की लिथियम पॅक बसवावा?

कोथरूडचा_हौशी_सुतार

नमस्कार. माझ्याकडे १४.४ व्होल्टचे जुने कॉर्डलेस ड्रिल आहे आणि त्याचे निकेल-कॅडमियमचे दोन पॅक आहेत. यंत्राची मोटर, गिअर आणि चक आजही ठणठणीत आहेत, पण दोन्ही पॅकनी मान टाकली आहे. पहिला पॅक चार्जरला लावला की काही मिनिटांतच हिरवा दिवा लागतो आणि नंतर मोजके स्क्रू आवळून ड्रिल थांबते. दुसऱ्या पॅकवर ते रिकामे असताना जेमतेम फिरते आणि लाकडाला टेकवताच बंद पडते. या मॉडेलचे मूळ पॅक आता मिळत नाहीत. जास्त विद्युतप्रवाहाचा झटका देऊन सेल जिवंत करण्याचे व्हिडिओ मी पाहिले आहेत, पण तसे करण्याचे धाडस होत नाही. माझा वापर घरच्या सुतारकामापुरता आहे. कधी सलग दोन दिवस काम चालते, तर कधी महिनोन्महिने ड्रिल पेटीतच असते. जुने सेल दुरुस्त करावेत, सगळे बदलावेत की लिथियमकडे वळावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. केवळ बॅटरीपायी चांगले यंत्र भंगारात द्यावे, हे मनाला पटत नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ_सदाशिव

काहीही विकत घेण्यापूर्वी पॅक उघडून प्रत्येक सेल स्वतंत्रपणे मोजा, कारण पॅक निकामी होतो तेव्हा त्यातले सगळे सेल निकामी झालेले असतातच असे नाही. १४.४ व्होल्टच्या पॅकमध्ये १.२ व्होल्टचे १२ सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांतला सर्वांत अशक्त सेल संपूर्ण पॅकची ताकद ठरवतो. पॅक चार्ज करून रात्रभर ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. धडधाकट सेल १.२५ ते १.३५ व्होल्टच्या आसपास दाखवेल. शून्य दाखवणारा सेल आतून शॉर्ट झालेला आहे, असे समजावे.

मात्र खरी परीक्षा भाराखाली होते. मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा बल्ब पॅकला जोडा आणि तो पेटलेला असतानाच एकेका सेलवर मीटर टेकवा. चांगला सेल १.२ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो, थकलेला सेल पाहता पाहता १ व्होल्टच्या खाली घसरतो आणि काही सेलवर मीटर चक्क वजा चिन्ह दाखवतो. वजा चिन्हाचा अर्थ असा, की तो सेल आधीच रिकामा झाला आहे आणि शेजारचे सेल त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलत आहेत. एकदा असे होऊ लागले की त्याची अवस्था प्रत्येक वापरात अधिक बिघडत जाते. म्हणूनच "बॅटरी पूर्ण मरेपर्यंत ड्रिल चालवा, म्हणजे मेमरी निघून जाते" (मेमरी म्हणजे अर्धवट वापरामुळे सेलची क्षमता कमी झाल्यासारखी वाटणे) हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला घातक वाटतो. दर सेलला १ व्होल्ट, म्हणजे तुमच्या पॅकला भाराखाली १२ व्होल्ट उरले, की थांबावे.

झटक्याबद्दल बोलायचे, तर शॉर्ट झालेल्या सेलमध्ये कॅडमियमचे सूक्ष्म तंतू वाढून मधल्या विभाजक पडद्यातून आरपार गेलेले असतात. मोठ्या प्रवाहाने तो तंतू जळतो आणि सेल व्होल्टेज दाखवू लागतो, पण पडद्याला पडलेले छिद्र तसेच राहते. असा सेल चार्ज धरून ठेवत नाही आणि बहुधा पुन्हा शॉर्ट होतो. शिवाय सेल फुटल्यास आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड डोळ्यांत उडू शकते. आपण हा प्रयोग करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

जे सेल केवळ दीर्घकाळ पडून राहिल्याने सुस्तावलेले आहेत, त्यांना मात्र संथ चार्जिंगचा खरोखर उपयोग होतो. उदाहरणार्थ, १.३ अँपिअर-तास (एएच) क्षमतेच्या सेलला १३० मिलिअँपिअर प्रवाह १४ ते १६ तास द्यावा, मग बल्बवर १२ व्होल्टपर्यंत उतरवावा आणि हे दोन-तीन वेळा करावे. संथ चार्जिंगमध्ये पुढे गेलेले सेल थांबतात आणि मागे राहिलेले त्यांना गाठतात. जलद चार्जर ही संधी देत नाही.

भोसरी_वर्कशॉप

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. सेल बदलायचे ठरल्यास बाराही एकदम बदलावेत, कारण नव्या सेलमध्ये एखादा जुना राहिला तर तोच आधी रिकामा होऊन उलटा होतो. या पॅकमध्ये बहुधा सब-सी आकाराचे, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर जाड आणि ४३ मिलिमीटर उंच सेल असतात. ते पट्टी जोडलेलेच मागावेत. सेलच्या अंगावर थेट सोल्डर केल्यास उष्णतेने आतला पडदा आणि वरचे सील खराब होते. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी करून स्पॉट वेल्डिंग (क्षणभराच्या मोठ्या प्रवाहाने पट्टी सेलला जोडणे) करून घेणे त्याहून उत्तम.

निकेल-मेटल हायड्राइड सेल त्याच आकारात जास्त क्षमतेचे मिळतात, पण तुमचा चार्जर निकेल-कॅडमियमसाठी बनवलेला आहे. सेल भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली येते आणि ती घसरण ओळखून अनेक जलद चार्जर थांबतात. मेटल हायड्राइडमध्ये ही घसरण फारच थोडी असल्याने चार्जर थांबत नाही आणि सेल तापत राहतात. पॅकमधला तापमानाचा सेन्सर किंवा थर्मोस्टॅट जुन्या जागी, सेलच्या अंगाला चिकटूनच बसवावा. तो सैल लोंबकळत राहिला तर तापलेला पॅक चार्जरला थंडच वाटतो.

लिथियमप्रेमी_वारजे

मूळ प्रश्नकर्त्यांचा वापर अधूनमधून आहे, त्यामुळे मी वेगळे मत मांडतो. निकेल-कॅडमियम सेल नुसते पडून राहिले तरी दर महिन्याला लक्षणीय चार्ज गमावतात, लिथियम-आयन मात्र महिनोन्महिने टिकून राहतात. चार लिथियम सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट मिळतात आणि ताजे चार्ज केलेले १२ निकेल-कॅडमियम सेलही साधारण तेवढ्यावरच असतात; म्हणून मोटर आणि स्विच यांना त्रास होण्याचे कारण नाही.

मात्र अटी कडक आहेत. जुना चार्जर लिथियमला कधीही लावू नये; १६.८ व्होल्टचा, आधी स्थिर प्रवाह आणि मग स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर स्वतंत्र घ्यावा. सेलचे संतुलन राखणारा संरक्षक बोर्ड, म्हणजे बीएमएस, अनिवार्य आहे आणि तो सुरुवातीचा जोराचा प्रवाह सोसणारा हवा. अन्यथा ट्रिगर दाबताक्षणी तो पुरवठा तोडेल. लॅपटॉपमधून काढलेले सेल या कामाचे नाहीत, कारण ड्रिलला लागतो तेवढा प्रवाह देण्यासाठी ते बनवलेलेच नसतात. १८६५० आकाराच्या (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले दिसले, तर तो घेऊ नये. या आकारात साधारण ३५०० हीच चांगल्या सेलची मजल असते. आणि २ व्होल्टच्याही खाली जाऊन बराच काळ पडून राहिलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करू नये, कारण त्यातले विरघळलेले तांबे पुढे आतून शॉर्ट घडवू शकते.

धायरी_फर्निचर

कामाजवळ प्लग असेल तर २३० व्होल्टचे वायरवाले ड्रिल घ्यावे. जुने ड्रिल टेबलावरच वापरायचे असेल, तर रिकाम्या पॅकमधून जाड वायर काढून ती १२ व्होल्टच्या मोठ्या बॅटरीला जोडता येते. वेग थोडा कमी मिळेल. वायर ६ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड ठेवावी. फ्यूज बॅटरीच्या टोकापाशीच बसवावा.

कोथरूडचा_हौशी_सुतार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. दुसऱ्या पॅकमध्ये दोन सेल शून्य दाखवतात आणि एकावर भाराखाली वजा चिन्ह येते. त्यांच्या टोकांशी पांढरी भुकटी जमली आहे. उरलेले नऊ ठीक वाटतात. पहिल्या पॅकमधले बहुतेक सेल भाराखाली लगेच घसरतात, पण तीन-चार तग धरतात. दोन्हींतले चांगले निवडून एक पॅक करता येईल का?

निवृत्त_तंत्रज्ञ_सदाशिव

येईल. दोन्ही पॅक एकाच क्षमतेचे आणि एकाच वयाचे आहेत असे धरूनच मी होकार देत आहे. निवडलेला प्रत्येक सेल संथपणे पूर्ण भरून एकाच ठरावीक भारावर १ व्होल्टला उतरायला किती मिनिटे घेतो, ते लिहून ठेवा आणि एकमेकांच्या जवळपास वेळ देणारे बारा जुळले तरच वेल्डिंगचा खर्च करा. भुकटी हे इलेक्ट्रोलाइट बाहेर आल्याचे चिन्ह आहे. ते सेल आतून कोरडे पडत चालले आहेत, त्यांचा मोह धरू नका. असा जुळवलेला पॅक घरच्या वापराला काही काळ पुरेल आणि तोवर लिथियमचा निर्णय शांतपणे घेता येईल.

बाद केलेले सेल घरच्या कचऱ्यात मात्र टाकू नका, कारण कॅडमियम अत्यंत विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून अधिकृत संकलनाकडे देणे ही वापरकर्त्याची जबाबदारी आहे. सेलची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाका, सेल प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा संकलनाच्या वेळी तो डबा आत काय आहे हे सांगून हातात द्या.