मदत हवी आहे : 'सगळ्यावर एकच औषध' याला तुमच्याकडे काय म्हणतात?

नमस्कार मंडळी,

गणपतीत आमच्या वाडीत (गुहागर तालुका) चाकरमानी येतात, घरं भरलेली असतात. तेव्हा देवळाच्या सभामंडपात औषधांच्या जाहिरातींबद्दल एक फलक लावायचा आहे. मजकूर मी लिहितेय आणि शब्दांपाशी अडलेय. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांची मदत हवी.

शेजारच्या काकींना मधुमेह आहे. त्यांनी बाजारातून एका काढ्याची बाटली आणली. वर ठळक 'रामबाण', खाली बारीक अक्षरांत साखर, सांधेदुखी, मूतखडा, दमा, केसगळती. काकींनी गोळ्या बंद केल्या आणि साखर एवढी चढली की दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बऱ्या आहेत, पण तीच बाटली अजून घराघरांत दिसते आणि माझा जीव खालीवर होतो.

रामबाण हा शब्द आपण मोठ्यांच्या तोंडून ऐकला तो एकेका दुखण्यापुरता. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी रामबाण. बाण नेम धरून एकावरच सुटतो. जाहिरातवाले तोच शब्द दहा रोगांच्या डोक्यावर ठेवतात आणि ऐकणाऱ्याला त्यातली फारकत कळत नाही. 'अक्सीर इलाज' आता फक्त म्हाताऱ्या माणसांकडून ऐकू येतो. 'जालीम' म्हणजे नुसतं जोरदार. संजीवनी मरणाच्या दारातून परत आणणारी, पण हल्ली सरकारी योजनेलाही तेच नाव. मात्रा सहाणेवर उगाळून मधातून चाटवायची. हेमगर्भाची मात्रा तर अगदी शेवटच्या घटकेला.

खरोखर 'सगळ्यावर' म्हणून घरात असायची ती अमृतधारा. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल कोरड्या बाटलीत घालून हलवलं की पाण्याचा थेंब न घालता तिन्ही विरघळून पातळ होतात. डोकं दुखलं, पोटात कळ आली, दाढ ठणकली, काही चावलं, काढा ती बाटली. पण ती आहे म्हणून कुणी साखरेची गोळी सोडली नाही.

सगळ्यात अडचणीचा शब्द 'उतारा'. विषावरचं औषध तोही उतारा, आणि तिठ्यावर भात-लिंबू ठेवतात तोही उताराच. आपल्याकडे फुरसं आणि विंचू दोन्ही भरपूर, म्हणून इथे शब्द चुकवून चालणार नाही. सापाचं प्रतिविष हे एवढं खात्रीचं औषध, पण तेही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरच. विंचवाला त्याचा उपयोग नाही. विंचवासाठी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली आणि १९८६ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. मला फलकावर हेच सांगायचंय, की ज्याचा गुण नक्की ठाऊक आहे त्याची हद्दही ठाऊक असते.

कायद्याचे दोन उल्लेख घेतेय : मधुमेह, कर्करोग अशा रोगांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे; आणि साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

तर सांगा, तुमच्या गावात अशा औषधाला काय म्हणतात, कोणत्या वाक्यात? आणि 'उतारा' ठेवू की काढू? झाडपाल्याचं औषध देणाऱ्या आजींना दुखवायचं नाही, त्या पैसेही घेत नाहीत.

प्रतिसाद (सावंतवाडीहून)
ताई, उतारा काढाच. प्रतिविषही नको, वाचून कोणाला कळणार नाही. दवाखान्यात आलेला माणूस 'सापाचं इंजेक्शन' म्हणतो, तेच लिहा. आमच्याकडे औषधाला वखद म्हणतात आणि विकणारा म्हणतो, 'ह्यां सगळ्यार चलता.' खास वेगळा शब्द नाही, हेच वाक्य. माझी आई मुळी मागायला आलेल्याला आधी विचारते, 'कशार होयी?' कावीळ म्हटलं तर आधी रक्त तपासून ये म्हणून परत पाठवते. तुमच्या आजींकडूनच फलकासाठी असं एक वाक्य घ्या, म्हणजे त्या तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

धागाकर्ती
मनापासून आभार. 'कशावर हवं?' हाच मथळा करते आणि उद्या आजींकडे जाते. 'सापाचं इंजेक्शन' लिहिलं. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडचं अजून कुणी बोललं नाही, तिकडचे शब्द हवेत. रंगाऱ्याला मजकूर नारळी पौर्णिमेपर्यंत द्यायचा आहे.