मेंदूचा डॉपलर: जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत हवा की नको?

वैनगंगा:
"सीटी आहे ना, मग डोक्याची सोनोग्राफी कशाला?" हे नेहमी ऐकू येतं. धमनीचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्तस्राव झालेला पेशंट घ्या. चौथ्या दिवसापासून पुढे दोन आठवडे होईपर्यंत रक्तवाहिन्या आकसायची भीती असते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला रोज सीटी अँजिओला (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीला) न्यायचं का? ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीबाहेरून ध्वनिलहरी सोडून मेंदूतल्या धमन्यांमधल्या रक्ताचा वेग मोजणं, खाटेपाशीच होतो. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या जरा वर जेल लावायचं. तिथे कवटी पातळ असते. २ मेगाहर्ट्झचा प्रोब, ५ सेंटीमीटरच्या आसपास खोली, आणि मेंदूच्या मधल्या धमनीचा सपसप आवाज येतो. धमनी आकसली की तिच्यातल्या रक्ताचा वेग वाढतो. सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटीमीटरवर गेला की सावध व्हायचं, २०० वर म्हणजे मोठा धोका. कवटीबाहेरून हा वेग मोजता येतो हे रून आस्लिड यांनी १९८२ मध्येच दाखवून दिलं. अजून किती वाट पाहायची?

कोकणकडा:
आवाज सापडला तर ना! दहा-वीस टक्के लोकांचं कानशिलाचं हाड असं असतं की ध्वनिलहरी धड आत जातच नाहीत, त्यात वयस्कर बायका जास्त. कोन चुकला की वेग कमी दिसतो आणि नातेवाइकांना "नॉर्मल आहे" सांगितलं जातं. त्यापेक्षा चोवीस तास सीटी चालू ठेवा. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यायचं असतं, आणि त्याआधी रक्तस्राव नाही याची खात्री सीटीनेच होते.

वैनगंगा:
सीटी काढून टाका असं मी कुठे म्हटलं? सीटी पहिल्या तासाला, डॉपलर पुढचे दिवस. आणि विदर्भातला सिकलसेल, तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार? १९९८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत २०० च्या वर वेग असलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं, तर पक्षाघात ९० टक्क्यांहून अधिक घटले.

कोकणकडा:
मुलांमध्ये! मोठ्यांना तो आकडा लावायला तसा पुरावा नाही. मुलांसाठी यंत्र मागत असाल तर मी तुमच्या बाजूने आहे.

रात्रपाळी:
दोघांनी एक गोष्ट सोडली. ताप, रक्त कमी असणं, यांनीही वेग वाढतो. म्हणून मानेतल्या धमनीचा वेगही मोजतात आणि मेंदूतल्या धमनीच्या वेगाला त्याने भागून गुणोत्तर काढतात. ३ च्या वर गेलं तर वाहिनी आकसल्याचा संशय बळावतो. कालचा आकडा आणि आजचा आकडा यांतला फरक बघायचा असतो, त्यामुळे शक्यतो त्याच हाताने मोजलेलं बरं. माझा पाठिंबा यंत्राला आहे, पण शिकवलेल्या माणसाची बदली होणार नसेल तरच.