मॉडेम फॅक्स घेतो पण माणसाच्या कानात किंचाळतो, काय करू? (डेबियन, एमगेटी)

टॉवेलवाला_सोलापूर:
मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना हाय. दोन-तीन जुने व्यापारी अजून ऑर्डर सही-शिक्का मारून फॅक्सनेच पाठवतात, ईमेल करा म्हटलं की "पोरगा आला की बघतो" म्हणतात. वडिलांचं फॅक्स मशीन होतं पण थर्मल कागद आणि सोलापूरचा मे महिना, अख्खी फाईल काळी पडली, साईज कुठला रंग कुठला कायच कळंना. म्हणून जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्स) टाकलं, बाहेरचा सिरियल मॉडेम (पीसीला फोनची लाईन जोडणारा डबा) जोडला, एमगेटी (मॉडेमवर आलेला फोन उचलून फॅक्स घेणारा प्रोग्रॅम) बसवलं. फॅक्स येतोय. पण नंबर एकच, रात्री कुणी साधा फोन केला की मॉडेम शिट्ट्या मारतो. आत्या म्हणाली, काय बे, कारखान्यात भूत बसवलंय का. मला पाहिजे ते एवढंच की माणूस असला तर निरोप रेकॉर्ड व्हावा, फॅक्स असला तर फॅक्स घ्यावा. आणि काही फॅक्स चपटे दिसतात ते का?

जुनी_सिरियल_केबल:
आधी मॉडेमलाच विचारा की राव. मिनीकॉम (मॉडेमला थेट कमांड देणारा प्रोग्रॅम) उघडा, एटी+एफक्लास=? टाका. उत्तरात ८ आला तर त्याला माणसाचा आवाज वाजवता आणि रेकॉर्ड करता येतो, नुसतं ०,१,२ आलं तर तिथंच थांबा, दुसरा मॉडेम बघा. (स्वस्तातली आतली कार्डं घेऊ नका, त्यातली बरीच विनमॉडेम असतात, सगळं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेलं.)

८ असेल तर एमगेटी-व्हॉइस पॅकेज टाका आणि एमगेटीच्या जागी त्यातला व्हीगेटी (आवाजाचे निरोप घेणारा भाऊ) चालवा. जागी म्हणजे जागीच हां, एकाच पोर्टवर दोघं ठेवले की भांडतात. व्हीगेटी फॅक्सही घेतो. प्रत्येक कॉलनंतर तो बंद होतो, पूर्वी त्याला परत चालू करायला इनिटटॅब फाईलमध्ये रीस्पॉन असायचा, आता सिस्टिमडीच्या (प्रोग्रॅम चालू ठेवणारी लिनक्सची यंत्रणा) सर्व्हिस फाईलमध्ये रिस्टार्ट ऑल्वेज लिहा नाहीतर एक फोन घेऊन गप बसेल.

ओळखतो कसा, तर समोरचं फॅक्स मशीन डायल केल्यावर ११०० हर्ट्झची शिट्टी देतं, अर्धा सेकंद शिट्टी मग तीन सेकंद शांत, परत शिट्टी. व्हीगेटी फोन उचलून तुम्ही आधी रेकॉर्ड केलेला स्वागताचा निरोप वाजवतो, ती शिट्टी ऐकू आली की फॅक्सवर जातो. पण मॉडेम स्वतः बोलत असताना त्याला पलीकडचं नीट ऐकू येईलच असं नाही, म्हणून निरोप पाच-सहा सेकंदांचा ठेवा, "शुभ प्रभात आपले स्वागत आहे" वगैरे लग्नपत्रिका नको. काही जुनी मशीन हाताने डायल केलं तर शिट्टी देतच नाहीत, त्याला इलाज नाही, त्या व्यापाऱ्याला तुम्हीच सांगा.

हुरडा_सुर्ती:
चपट्याचं मी सांगतो. नॉर्मल फॅक्समध्ये आडवे इंचाला २०४ ठिपके आणि वरून खाली इंचाला रेघा ९८, म्हणजे निम्म्याच. फाईन असेल तर १९६. फाईलचं नाव बघा, एफएन ने सुरू झालं तर नॉर्मल, एफएफ तर फाईन. जी३२पीबीएम (फॅक्सची फाईल चित्रात बदलणारी कमांड) ला -एस द्या, रेघा दुप्पट होतात. न्यू_फॅक्स नावाची स्क्रिप्ट ठेवली की फॅक्स आल्यावर एमगेटी ती आपोआप चालवतो, त्यातच पीडीएफ करून मेल करा.

लाईन_चालू_आहे:
अजून एक लफडं येणार बघा. माणसाने फोन ठेवला की आपल्याकडे ४०० हर्ट्झचा टूं टूं येतो, अमेरिकेसाठी बनवलेला मॉडेम ४८० आणि ६२० एकत्र शोधत बसतो. त्यामुळं निरोप दहा सेकंदांचा आणि पुढं सगळा टूं टूं रेकॉर्ड. मॉडेमला देश सांगायची कमांड असते, एटी+जीसीआय=५३ म्हणजे भारत, मॉडेम घेतो का बघा. नाही घेतला तर व्हीगेटीच्या व्हॉइस डॉट कॉन्फ फाईलमध्ये आरईसी_मॅक्स_लेन (निरोपाची कमाल लांबी) कमी करा, गप्पिष्ट लोकांना त्रास होईल पण डिस्क वाचेल. डायल करताना नो डायलटोन म्हणाला तर एटीएक्स३ द्या, मग तो डायलटोनची वाट बघत नाही.

टॉवेलवाला_सोलापूर:
झालं मंडळी! ८ होता नशिबानं. पहिल्यांदा मोबाईलवर रेकॉर्ड केलेली वाव (आवाजाची) फाईल सॅम्पलिंग न जुळवता तशीच बदलून टाकली तर माझा आवाज मेलेल्या बैलासारखा, लई हळू. मग कळलं माझा मॉडेम रॉकवेल चिपचा, त्याला ७२०० चं सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे नमुने) लागतं, पीव्हीएफस्पीडने ते बदलून मग पीव्हीएफ-टू-आरएमडीने मॉडेमची फाईल केली. जीसीआय घेतला नाही, दोन मिनिटांची मर्यादा घातली. आत्याचा पहिला निरोप आला, त्यात ती पूर्ण वेळ "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय" म्हणते.

एक विचारायचं राहिलं, पुढच्या महिन्यात लाईन तांब्याची काढून फायबर करणार म्हणतायत, चालेल ना?

जुनी_सिरियल_केबल:
निरोप चालतील. फॅक्सचं सांगता येत नाही, आवाज दाबून पाठवणारा कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) असला की फॅक्स अर्ध्या पानावर तुटतो. जी.७११ (आवाज फारसा न दाबणारा कोडेक) देता का किंवा टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) आहे का ते आधी विचारा, मॉडेमचा फॅक्सचा स्पीड ९६०० वर बांधा. जमलं तर तांबं धरून बसा.

टॉवेलवाला_सोलापूर:
बरं. लाईनमन आला की चहा पाजून वाटेला लावतो.