व्यापारी इंदूरचा, बाग माझी. फसवणुकीचा गुन्हा आणि खटला नक्की कुठं चालणार?

बागायतदार_सांगली

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात माझी दोन एकर सुपर सोनाका द्राक्षाची बाग आहे. फेब्रुवारीत माल काढला. व्यापारी इंदूरचा, दलालाच्या ओळखीनं आलेला. बागेत उभं राहून घड हातात घेतला, मणी दाबून बघितला आणि चार किलोला १६० रुपये दर ठरवला. २,७५० पेट्या भरल्या, म्हणजे ११ टन. हिशोब ४ लाख ४० हजार झाला. ६० हजार रोख मिळाले. बाकी ३ लाख ८० हजारांचा चेक दिला, २५ फेब्रुवारी तारखेचा, त्याच्या इंदूरच्या बँकेचा. दोन आयशर ट्रक माझ्या बांधावरून भरून गेले.

चेक मी माझ्या गावच्या शाखेत खात्यावर भरला. ४ मार्चला चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आला, त्यावर कारण आहे 'खाते बंद'. फोन लागत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, आरोपी इंदूरचा, बँक इंदूरची, गुन्हा तिकडं घडला, तिकडं जा. एक जण सांगतो की रक्कम मोठी आहे, सेशन कोर्टात जावं लागेल. दुसरा सांगतो दिवाणी दावा कर. आज २२ मार्च. इंदूरला चकरा मारायची माझी ऐपत नाही. नेमकं कुठलं कोर्ट माझं?

वकील_तालुका

चेकपुरतं उत्तर सोपं आहे. तुम्ही चेक स्वतःच्या खात्यात भरला, त्यामुळे तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या हद्दीतलं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उलटं ठरवलं होतं, चेक ज्याचा त्याच्या बँकेच्या गावात खटला. देशभरातले खटले इकडून तिकडे गेले, लोकांचे हाल झाले. म्हणून २०१५ मध्ये चेकच्या कायद्यात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) दुरुस्ती करून कलम १४२ मध्ये हा नियम घातला. तुमच्या गावच्या कुणी जुना अनुभव सांगून घाबरवलं तर तो त्या मधल्या काळातला असेल. फसवणुकीच्या गुन्ह्याचं सविस्तर कुणीतरी लिहा, मी आज कोर्टात आहे.

निवृत्त_शिरस्तेदार

दादा, मी ३१ वर्षं तालुका कोर्टात नोकरी केली, त्यातली बरीचशी फौजदारीच्या टेबलावर. तुमच्यासारखी माणसं हातात पिशवी घेऊन व्हरांड्यात बसलेली मी रोज बघितली आहेत. म्हणून जरा लांबून सांगतो.

'कुठलं कोर्ट' हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. एक जागेचा आणि एक दर्जाचा. लोक दोन्ही एकत्र करतात आणि गोंधळ तिथंच होतो.

दर्जाचं आधी संपवतो. रकमेवरून फौजदारी कोर्ट ठरत नाही, तो दिवाणीचा हिशोब. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याला, पहिलं परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात गुन्ह्याचं एकेक कलम आणि समोर शेवटच्या रकान्यात, हा खटला कोणत्या न्यायालयानं चालवायचा, ते लिहिलेलं असतं. खुनासमोर 'सत्र न्यायालय', म्हणजे सेशन कोर्ट, आहे. फसवून मालमत्ता द्यायला लावणं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा) कलम ३१८(४), जुनं ४२०, त्यासमोर 'प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी' आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, तरी कोर्ट हेच. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी स्वतः तीन वर्षांपर्यंतचीच शिक्षा देऊ शकतात. जास्त द्यायला हवी असं त्यांना वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. सेशनचं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा.

आता जागा. मूळ नियम सरळ आहे: गुन्हा जिथं घडला तिथलं कोर्ट. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९७. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच १७७ होतं. जागेचा हा सगळा भाग १७७ ते १८९ असा होता, तो १९७ ते २०९ झाला, म्हणजे जुन्या आकड्यात वीस मिळवले की नवं कलम मिळतं. जुने निकाल वाचताना हे फार उपयोगी पडतं. आरोपी कुठं राहतो, यावर हा मूळ नियम चालतच नाही. ठाण्यात तुम्हाला पहिलं तेच सांगितलं, म्हणून हे ठळक लक्षात ठेवा.

पण गुन्हा एका जागी उभा राहून घडतो असं थोडंच आहे? आमच्याकडे एक बैलजोडीचं प्रकरण आलं होतं. जोडी चोरली आमच्या तालुक्यातल्या गोठ्यातून, चोर सापडला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाजारात, दावं हातात धरून उभा. चोरीसाठी कायदा म्हणतो की जिथं चोरी झाली ते कोर्ट चालेल आणि चोरीचा माल चोराकडे जिथं होता तेही चालेल. प्रवासातल्या गुन्ह्याला गाडी ज्या ज्या हद्दीतून गेली त्यातलं कुठलंही कोर्ट चालतं. हद्द नक्की कळत नसेल, किंवा थोडा गुन्हा इकडे थोडा तिकडे घडला असेल, तर दोन्हीकडचं चालतं. कायद्यानं फिर्यादीसाठी दारं जास्त ठेवली आहेत, कमी नाहीत.

तुमच्यासाठी खास कलम आहे, २०२. फसवणूक फोन, मेसेज, पत्रानं झाली असेल तर ते जिथून गेले किंवा जिथं मिळाले, त्या दोन्हीकडची कोर्टं. आणि फसवून माल काढून घेतला असेल, तर फसलेल्या माणसानं माल जिथं ताब्यात दिला, किंवा आरोपीला जिथं मिळाला, तिथलं कोर्ट. तुमच्या आयशर कुठं भरल्या? तुमच्या बांधावर. मग इंदूर कशाला?

आता महत्त्वाचं. कोर्टाची हद्द तुमच्या फिर्यादीतल्या मजकुरावरून बघतात. एक म्हातारे गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले होते, हळदीचा व्यवहार. अर्ज पाच पानांचा. त्यात आरोपी किती वाईट आहे ते चार पानं होतं. हळद कुठल्या गोदामातून उचलली हे एका ओळीतही नव्हतं. 'आरोपीने माल नेला' एवढंच. आरोपीचा पत्ता मात्र परजिल्ह्यातला, पूर्ण. अर्ज 'योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत' असा शेरा मारून परत गेला. तो शेरा कागदावर मी लिहिला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. गोदाम कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो: प्रत्येक घटनेसमोर गाव लिहा. सौदा कुठं झाला, दर कुठं ठरला, पेट्या कुठं मोजल्या, गाडी कुठं भरली, चेक कुठं हातात दिला, मेसेज आला तेव्हा तुम्ही कुठं होता. गट नंबरसकट.

आणि ठाण्याचं. कलम १७३ मध्ये आता स्पष्ट शब्द आहेत: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात) माहिती नोंदवून घ्यायची. हद्द दुसऱ्याची असेल तर शून्य क्रमांकानं नोंदवून तिकडं पाठवायचं. फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळायला हवी. तरीही नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टानं पाठवा. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र.

एक कटू गोष्टही सांगतो, कारण नंतर कोर्टात ती अंगावर येते. पैसे दिले नाहीत एवढ्यावर फसवणूक सिद्ध होत नाही. सौदा करतानाच बुडवायचं मनात होतं, हे दिसावं लागतं. नाहीतर 'हा दिवाणी वाद आहे' असं समोरचा वकील म्हणणारच. तुमच्या मेमोवर 'खाते बंद' आहे ना? ते खातं बंद कधी झालं, ही तारीख शोधायला लावा. चेक देण्याआधी बंद असेल तर ती एक तारीख दहा साक्षीदारांइतकी आहे.

माहेरवाशीण_८५

काका, मध्येच विचारते, माफ करा. माझा छळ सासरी झाला, ते गाव विदर्भात. मी आठ महिन्यांपासून आईकडे पुण्याला आहे. मलाही सगळे तिकडंच जा म्हणतात. तिथं एकटीनं तारखेला उभं राहायची मला भीती वाटते.

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, माफी कसली. तुमच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा एप्रिल २०१९ चा निकाल आहे, रूपाली देवी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. त्रासामुळे घर सोडून बाई जिथं आसऱ्याला येते, तिथल्या कोर्टातही छळाचा खटला चालू शकतो. कारण मारहाण सासरी झाली तरी मनावरचा परिणाम ती माहेरीही भोगत असते, आणि परिणाम जिथं होतो तिथलं कोर्टही कायद्याला चालतं. तुमच्या फिर्यादीत माहेरी आल्यानंतर काय भोगलं तेही लिहा. झोप, औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आलेले फोन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, महिलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

वकील_तालुका

कोर्टातून आत्ता आलो. शिरस्तेदार साहेबांनी लिहिलंय त्यात एक भर. चुकीच्या हद्दीत खटला चालला एवढ्याच कारणानं निकाल रद्द होत नाही, त्यामुळे खरोखर अन्याय झाला असेल तरच होतो, कलम ५०८. म्हणजे हद्दीची भीती जितकी दाखवतात तितकी ती नाही. दोन राज्यांतल्या कोर्टांत एकाच गुन्ह्याची दखल घेतली गेली आणि वाद झाला, तर ज्या उच्च न्यायालयाच्या हाताखाली आधी कामकाज सुरू झालं ते ठरवतं. म्हणून आधी दाखल होण्याला किंमत आहे.

पण बागायतदार, तुमचं घड्याळ चालू आहे! मेमो ४ मार्चला मिळाला. तिथून ३० दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे, म्हणजे ३ एप्रिलच्या आत. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस पैसे द्यायला. तेवढ्यात दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात तक्रार. चेकची केस आणि फसवणुकीची फिर्याद या दोन वेगळ्या वाटा आहेत, एकीसाठी दुसरी थांबवू नका. ३ एप्रिलची वाट बघू नका, उद्याच नोटीस काढा.

बागायतदार_सांगली

सगळ्यांचा ऋणी आहे. नोटीस सोमवारी स्पीड पोस्टानं गेली, पावती वहीत चिकटवली. फिर्याद रात्री बसून परत लिहिली, काकांनी सांगितलं तशी. गट नंबर, बांध, वजनकाटा, चेक दिला तो आमच्या ओट्यावर, हे सगळं. मुलीनं व्यापाऱ्याचे मेसेज तारखेनिशी उतरवून काढले, १९ निघाले, सगळे मी बागेत किंवा घरी असताना आलेले.

काल शेजारच्या गावातले दोघं भेटले. त्यांच्याकडेही त्याच खात्याचे चेक आहेत, एकाचा १ लाख ९० हजारांचा. तिघं मिळून उद्या सकाळी ठाण्यात जातोय. १७३ कलमाचं पान छापून घेतलं आहे. नाही घेतलं तर तिथूनच पोस्टात जाऊन अधीक्षकांना पाठवतो, पाकीट पत्ता घालून तयार आहे.

निवृत्त_शिरस्तेदार

जा. तिघांच्या फिर्यादी वेगवेगळ्या द्या, एका कागदावर तिघांच्या सह्या नकोत. माल प्रत्येकाच्या बागेतून वेगळा गेला आहे. आणि दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, तारीख आणि वेळ घालून.