शब्दचर्चा : ‘घबाड’ की ‘चालून आलेली लक्ष्मी’?

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळाच्या खेळासाठी मी ‘इफ आय हॅड अ मिलियन’ या १९३२ सालच्या अमेरिकी चित्रपटाची मराठी उपशीर्षके तयार करीत आहे. मरणपंथाला लागलेला धनाढ्य जॉन ग्लिडन, आपली संपत्ती नातेवाइकांच्या घशात जाऊ नये म्हणून, शहरातील रहिवाशांच्या नावांच्या यादीवर औषधाचा थेंब टाकतो आणि ज्या ज्या नावावर तो पडेल त्या त्या अनोळखी माणसाला दहा लाख डॉलरचा धनादेश, बहुतेक वेळा स्वतः नेऊन, देतो. अशा प्रत्येकाची चित्रपटात वेगळी कथा आहे. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट घेतला तिचे नावच ‘विंडफॉल’, म्हणजे अनपेक्षितपणे मिळालेले धन, असे आहे. त्या शब्दासाठी मी ‘घबाड’ लिहिले. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी ते खोडले. त्यांचे बरोबर आहे का?

पहिले उत्तर : माझ्या मते बरोबर आहे. ‘लाचखोर अधिकाऱ्याच्या घरी घबाड सापडले’ असे आपण रोज वाचतो, आणि त्या वाचनाने हा शब्द आता पुरता संशयास्पद झाला आहे. ‘डबोले’ त्याहून वाईट, कारण ते कोणीतरी जमवलेले असते आणि बहुधा दुसराच घेऊन पसार होतो. ‘लॉटरी लागली’ असे म्हणायचे तर आधी तिकीट काढावे लागते. ग्लिडनच्या माणसांनी काहीच काढलेले नाही.

दुसरे उत्तर : ‘घबाड’वर एवढा अन्याय करू नये. पंचांगात ‘घबाड’ हा मुहूर्त आजही छापला जातो आणि तो लाभदायक मानला जातो. मात्र मूळ शब्दाचे शब्दशः भाषांतर मुळीच करू नये. वाऱ्याने आपोआप खाली पडलेले फळ म्हणजे फुकटचा लाभ, ही तिकडची कल्पना. कोकणात वादळी वाऱ्याने कैऱ्यांचा सडा पडला, तर बागायतदार कपाळाला हात लावतो. आनंद होतो तो फक्त वेचायला धावणाऱ्या पोरांना.

तिसरे उत्तर : राशिभविष्यातला ‘आकस्मिक धनलाभ’ अर्थाने अचूक आहे, पण त्याला शाईचा वास येतो. या प्रसंगासाठी मराठीत ‘चालून आलेली लक्ष्मी’ हा तयार वाक्प्रचार आहे, आणि येथे तर ती ग्लिडनच्या पायांनी खरोखरच चालत येते. शिवाय तो पुढेही उपयोगी पडतो. गॅरी कूपरने रंगवलेला मरीन दलातला सैनिक धनादेशावरची १ एप्रिल ही तारीख पाहून त्याला थट्टा समजतो आणि तो धनादेश किरकोळ पैशांत एका खाणावळवाल्याला देऊन टाकतो. त्याने ‘लक्ष्मी लाथाडली’ असे म्हणता येईल. अर्थात लाथाडण्यात जाणूनबुजून केलेला अव्हेर असतो आणि याला तर काय हातात आहे तेच कळलेले नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा.

पहिले उत्तर (पुन्हा) : वाक्प्रचार सुंदर आहे, परंतु तो पात्राच्या तोंडी घालू नये, अमेरिकेतल्या माणसाने लक्ष्मीचे नाव घेतले की प्रेक्षक हसेल, आणि नको त्या ठिकाणी हसेल. परिचयपत्रकात तो जरूर वापरावा. कैद्याच्या कथेत तर तेथेही वापरू नये, कारण देहदंड ठरलेल्या माणसाकडे लक्ष्मी आली असे म्हणणे क्रूर वाटते. तेथे ‘पैसे मिळाले’ एवढेच पुरे.

प्रश्नकर्ता : सर्वांचा आभारी आहे. चर्चा वाचून मी चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा ‘घबाड’ला एक जागा सापडली. जॉर्ज राफ्टने साकारलेला एडी जॅक्सन हा बनावट धनादेश करणारा गुन्हेगार आहे. त्यामुळे हाती आलेला खरा धनादेशही त्याला कोठे वटवता येत नाही, आणि शेवटी एका रात्रीच्या बिछान्यासाठी तो पुढे करूनही त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तोच कागद इतरांच्या हातात भेट असतो आणि याच्या हातात घबाड दिसतो. म्हणून त्याच्या कथेच्या परिचयात तो शब्द ठेवला आहे, इतरत्र ‘अवचित आलेले धन’ लिहिले आहे. चार्ल्स लॉटनच्या कारकुनासाठी मात्र शब्द शोधावाच लागला नाही : तो पत्र वाचतो, जिने चढतो, एकामागून एक दारे ओलांडून साहेबांसमोर उभा राहतो आणि तोंडाने ‘फुर्रर्र’ करतो. तेथे मी पडदा कोराच ठेवला आहे.