आकाशदर्शनासाठी पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं? (मुक्काम सातारा)

पेठेतली

नमस्कार मंडळी. भाचा यंदा नववीत आहे, मराठी माध्यम. त्याला ताऱ्यांचं वेड लागलंय आणि त्याच्या नादानं मलाही. पाऊस आता सरत आला. ऑक्टोबरात आकाश उघडायच्या आत घरात एक धड पुस्तक आणून ठेवायचं आहे. बजेट हजार-बाराशे, फारच चांगलं असेल तर थोडं ताणू.

आमच्याकडे काय आहे ते सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. भावाची जुनी १० × ५० ची दुर्बीण, दोन डोळ्यांची. टेलिस्कोप नाही आणि इतक्यात घेणारही नाही. घर माची पेठेत. गच्ची आहे, पण शेजारच्या इमारतीचा हॅलोजन उशिरापर्यंत चालू असतो. अधूनमधून एखाद्या शनिवारी कोरेगावच्या पुढं गावाकडं जातो, तिकडं अंधार बरा आहे. भाच्याला मृग, कृत्तिका, सप्तर्षी, शर्मिष्ठा ओळखता येतात. मला त्याहून कमीच.

शोधल्यावर तीन तऱ्हेची पुस्तकं दिसली. पहिली मराठीतली माहितीपर. नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' वाचनालयातून आणून दोघांनी वाचलं, फार आवडलं, पण ते हातात धरून गच्चीवर उभं राहायचं पुस्तक नव्हे. दुसरी इंग्रजी मार्गदर्शकं, जाडजूड आणि चकचकीत. तिसरे नुसते नकाशे, ज्यात आम्हाला ओ की ठो कळत नाही.

तर विचारायचं असं, की इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेलं पुस्तक साताऱ्यातून चालतं का? त्यातली नावं सगळी लॅटिन-अरबी, मुलाला व्याध आणि रोहिणी माहीत, त्याचा मेळ कसा घालायचा? आणि एकच घ्यायचं तर कोणतं?

बिनतारी

पुस्तक कशाला हवंय? फोनवर ॲप टाका, आकाशाकडे धरा, नाव येतं. फुकटात काम.

खटपट्या

बजेट वाढवून छोटा टेलिस्कोप घ्या. सोबत माहितीपुस्तिका येतेच.

पेठेतली

@खटपट्या, टेलिस्कोप नको असं वर लिहिलंय हो :) @बिनतारी, ॲप आहे. त्यानं नाव कळतं, पण फोन खाली केला की दोघंही विसरतो. शिवाय स्क्रीनकडे बघितलं की पुढची काही मिनिटं आकाशात काहीच दिसत नाही.

नैऋत्य

ताई, तुमचा पहिला प्रश्न लाखमोलाचा आहे, कारण पुस्तक घेताना तोच कोणी विचारत नाही. पुस्तक कोणत्या अक्षांशासाठी लिहिलंय ते आधी पाहायचं. सातारा आहे साधारण १७.७ अंश उत्तरेला. बहुतेक इंग्रजी मार्गदर्शकं ४० ते ५० अंशांवरच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेली असतात. तारे तेच असले तरी सगळा मांडव कलतो.

त्या पुस्तकांची सुरुवात हमखास सप्तर्षींपासून होते. तिकडे ते वर्षभर मावळत नाहीत, म्हणून लेखक बिनधास्त सांगतो की आधी सप्तर्षी शोधा, मग पुढे चला. तुम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी गच्चीवर गेलात तर सप्तर्षी क्षितिजाखाली. आपल्याकडे त्यांचा संध्याकाळचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेरीपासून जूनपर्यंत. तुमची सुरुवात अभिजित, श्रवण आणि हंस या त्रिकोणापासून करावी लागेल, आणि ध्रुव शोधायला शर्मिष्ठा धरावी लागेल. ध्रुवसुद्धा तिकडच्या चित्रात अर्ध्या आकाशात असतो. आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींच्या आत.

दक्षिणेचं तर विचारूच नका. वृश्चिकाच्या नांगीजवळ एम ७ नावाचा तारकागुच्छ आहे, दुर्बिणीतून बघायला अप्रतिम. लंडनहून तो क्षितिजापासून चार अंशांच्या वर येतच नाही, म्हणून तिथला लेखक त्याला दोन ओळींत गुंडाळतो. साताऱ्याहून तो ३७ अंशांवर येतो! धनू राशीतले तेजोमेघही तसेच. म्हणजे जे आपल्याला सगळ्यात चांगलं दिसतं, नेमकं तेच त्या पुस्तकांत त्रोटक.

आणि महिने. वृश्चिक-धनू त्या पुस्तकांत 'उन्हाळ्याच्या संध्याकाळी, जुलै-ऑगस्ट' या प्रकरणात असतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात आकाश बघायचं म्हणजे छत्री धरून बघायचं. आपण हा भाग मार्च-एप्रिलात पहाटे बघतो, नाहीतर ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या नैऋत्येला, तोही घाईघाईनं, कारण वृश्चिक तोवर मावळतीला लागलेला असतो. ऋतूंप्रमाणे रचलेलं पुस्तक असेल तर त्यातला एक अख्खा ऋतू आपल्या पावसात वाहून जातो.

दुकानात उभ्या उभ्या करायची एक चाचणी सांगतो. पुस्तकातला फेब्रुवारीच्या रात्रीचा नकाशा उघडा आणि व्याधाच्या खाली अगस्त्य शोधा. इंग्रजीत कॅनोपस. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आहे, लपून राहणारा नाही. ३७ अंशांच्या उत्तरेला तो उगवतच नाही. नकाशावर तो नसेल किंवा अगदी कडेला चिकटलेला असेल तर ते पुस्तक आपल्यासाठी नाही. साताऱ्याहून तो क्षितिजापासून जवळजवळ वीस अंश वर येतो, तसा दाखवलेला असेल तर खुशाल घ्या.

पेठेतली

नैऋत्यजी, दुकानात जायची गरजच पडली नाही. ज्या दोन पुस्तकांवर नजर होती त्यांची नमुना पानं ऑनलाइन होती. एकात नकाशा व्याधाच्या थोडा खालीच संपतो. दुसऱ्यात अगस्त्य आहे, पण वेगळ्या 'दक्षिण गोलार्ध' प्रकरणात, शेवटी. दोन्ही बाद का?

नैऋत्य

दुसरं कोणतं ते ओळखलं बहुतेक. 'टर्न लेफ्ट ॲट ओरायन' असेल तर बाद करू नका, पुढं ढकला. गाय कॉन्सोल्माग्नो आणि डॅन डेव्हिस यांचं आहे, पहिली आवृत्ती १९८९ची. त्याची खासियत अशी की फोटो न देता लहान टेलिस्कोपातून वस्तू खरोखर कशी दिसेल याची रेखाटनं दिली आहेत. मुलं फोटोतले लाल-निळे तेजोमेघ बघून येतात आणि भिंगातून राखाडी डाग दिसला की हिरमुसतात, त्यावर हा चांगला उतारा आहे. पण ते मुळात टेलिस्कोपवाल्यांचं पुस्तक. तुम्ही पुढंमागं टेलिस्कोप घ्याल तेव्हा घ्या.

हरिपूरकर

उशिरा आलो, पण सांगलीकर म्हणून हक्कानं घुसतो. शाळेत शिकवतो, हिवाळ्यात मुलांना दंडोबाच्या बाजूला आकाशदर्शनाला नेतो. आमचा अक्षांश साताऱ्यापेक्षा अंशभरानं कमी, बाकी रडगाणं तेच. त्यात गाळप हंगाम सुरू झाला की फडात पाचट पेटवतात आणि क्षितिजाजवळचं सगळं धुरकट.

माझं मत स्पष्ट आहे. जाड पुस्तक पहिलं घेऊच नका. संगणकावर स्टेलॅरियम ही मोफत प्रणाली टाका, ठिकाण सातारा द्या आणि ऑक्टोबर ते मे दर महिन्याचा एक नकाशा छापून घ्या. आकाश काळं नको, पांढऱ्यावर काळे ठिपके येतील असं बघा, नाहीतर शाई संपेल आणि रात्री वाचताही येणार नाही. नकाशा डोक्यावर धरून वाचायचा असतो, म्हणून त्यात पूर्व डावीकडे असते. मुलं इथं हटकून अडतात, आधी सांगून ठेवा.

मग या नकाशांच्या जोडीला मराठीतलं पातळसं, तारकासमूहांनुसार रचलेलं पुस्तक. अमुकच घ्या म्हणत नाही, जे हाताला लागेल ते तपासून घ्या. शेवटी दोन्ही नावांची सूची हवी. काक्षी म्हणजे बीटलजूझ, राजन्य म्हणजे रायजेल, ब्रह्महृदय म्हणजे कॅपेला असं समोरासमोर. ती नसेल तर मुलगा पुढं अकरावीत इंग्रजी पुस्तकाला हात लावेल तेव्हा पुन्हा पहिलीपासून सुरू. जुनं पुस्तक असलं तरी बिघडत नाही, ताऱ्यांच्या जागा तुमच्या-माझ्या हयातीत हलत नाहीत. फक्त ग्रहांचे तक्ते जुने असतील तर ती पानं सोडून द्यायची. आणि नकाशावर लाल शाईतली अक्षरं नकोत. आपण रात्री लाल प्रकाशात वाचतो, त्यात लाल शाई दिसत नाही. हे छापणाऱ्यांना कोणी सांगत नाही वाटतं.

एक पुस्तक तर तुमच्या भिंतीवर आधीच टांगलेलं आहे: कालनिर्णय. त्यात रोजचं नक्षत्र असतं, तो चंद्राचा पत्ता. रोहिणी लिहिलं असेल त्या रात्री चंद्र रोहिणीच्या आसपास. मघा, चित्रा, ज्येष्ठा यांनाही हे छान लागू पडतं, कारण हे तारे चंद्राच्या वाटेलगत आहेत. स्वाती आणि श्रवण मात्र फसवतात, दोन्ही त्या वाटेपासून तीसेक अंश उत्तरेला आहेत. त्या दिवशी चंद्राशेजारी स्वाती शोधत बसू नका. पंचांगातल्या ग्रहांच्या राशीही निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधारानं मोजलेल्या असल्यामुळे आकाशातल्या तारकासमूहांशी ढोबळमानानं जुळतात. मुलाला एक वही करायला सांगा: तारीख, कालनिर्णयातलं नक्षत्र, प्रत्यक्षात चंद्र कुठं दिसला. महिनाभरात सत्तावीस नक्षत्रांचा पट्टा डोक्यात बसतो, पाठांतर न करता.

पेठेतली

हरिपूरकर सर, कालनिर्णयाचं हे कधी सुचलंच नव्हतं. रोज बघतो ते एकादशी आणि सुट्ट्यांसाठी. आणखी एक शंका. अगस्त्य वीस अंश वर येतो असं नैऋत्यजी म्हणाले, पण आमच्या गच्चीवरून दक्षिणेला थेट अजिंक्यतारा. तिथं काय दिसणार?

नैऋत्य

माची पेठ म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याला. मुठी लावून मोजा, किल्ल्याची कड किती वर येते ते. दोन मुठी भरली तर अगस्त्य गच्चीवरून गेला. त्रिशंकू या दक्षिणेकडच्या तारकासमूहाची तर आशाच सोडा, साताऱ्याहून तो जास्तीत जास्त ९ ते १५ अंशांच्या पट्ट्यात असतो. मार्चअखेरीस मध्यरात्री, मेच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास. त्यासाठी कोरेगावकडची वारी ठेवा, दक्षिण मोकळी असलेलं शिवार बघून. गच्चीवर डोक्यावरचं बघा. स्वाती आपल्याकडे जवळजवळ बरोब्बर माथ्यावरून जातो, रोहिणीही तशीच. उभ्यानं मान मोडेल, सतरंजी टाकून आडवे व्हा आणि दुर्बीण धरलेली कोपरं उशीवर टेकवा. नोव्हेंबरात देवयानीतली दीर्घिका अशीच बघा, २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. शेजारच्या हॅलोजनकडे पाठ, अर्थात.

बिनतारी

ॲपवाला मीच. ठिकाण सातारा केल्यावर माझ्याही ॲपात अगस्त्य वीस अंशांवर दाखवतंय. एवढं तरी मान्य करा :)

हरिपूरकर

मान्य. घरात बसून तयारी करायला ॲप उत्तमच. गच्चीवर खिशात.

पेठेतली

ठरलं तर मग. इंग्रजी जाड पुस्तक दोन वर्षं लांबणीवर. भाचा आजच स्टेलॅरियम उतरवून घेतोय, नकाशे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून लॅमिनेट करू. रविवारी पुण्याला जाणं आहे, तिथं अप्पा बळवंत चौकात मराठी पुस्तकं चाळून दोन्ही नावांची सूची असलेलं एखादं घेऊन येते. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर घरात आहे, गणपतीच्या आराशीतला उरलेला. पहिला नकाशा किती वाजताचा छापू?

हरिपूरकर

ऑक्टोबरच्या मध्याचा, रात्री आठचा. तोच नकाशा महिनाअखेरीस सातला चालतो, कारण दर पंधरवड्याला आकाश तासभर पुढं सरकतं. दहाचा छापू नका, शाळेच्या दिवशी मुलगा तेवढा वेळ जागणार नाही आणि जागला तर वहिनी तुम्हाला बोलतील.